टिंबीची चारोळी

चुलीमागे एक भिंत होती. भिंतीत एक फट होती. फटीत एक मुंगी राहायची. मुंगी इतकी लहान, की पाटीवरचं टिंबच जणू. म्हणून तिचं नाव टिंबी.

टिंबीला एक धाकटा भाऊ होता. तो तिच्याहूनही लहान. त्याचं नाव ठिपक्या.

ठिपक्याला ताप आला होता. ताप उतरला, पण ठिपक्या जेवेना. साखर दिली, नको म्हणाला. भाकरीचा कण दिला, तोंड फिरवलं. गुळाचा खडा नुसता हुंगला आणि डोळे मिटले. त्याचे पाय काडीसारखे झाले. मग काय खाशील रे बाळा, असं टिंबीने विचारलं. तेव्हा ठिपक्या अगदी हळू म्हणाला, "चारोळी."

चारोळी म्हणजे गोड, गोल, चिमुकला दाणा. श्रीखंडावर घालतात. खिरीत घालतात. माणसाच्या दाताला तो कळतसुद्धा नाही. पण मुंगीला तो केवढा? कलिंगडाएवढा.

टिंबी निघाली. लुटूलुटू, लुटूलुटू. कोनाड्यात बघितलं. नाही. फडताळात बघितलं. नाही. जात्यामागे बघितलं, तर तिथे एक चारोळी. गेल्या सणाला सांडलेली. कोणीच न उचललेली.

टिंबीने चारोळी ढकलली. गुडगुड, गुडगुड. जात्यापासून चुलीपर्यंत ढकलली. चुलीपुढे एक फडकं अंथरलेलं होतं. फडक्यावर येऊन टिंबी थांबली. धाप लागली होती ना. चारोळी तिथेच ठेवली आणि ती जरा बाजूला झाली.

तेवढ्यात सगुणाकाकू आली. हातात धुतलेलं पितळेचं पातेलं. तिने पातेलं फडक्यावर पालथं घातलं. धप्प.

आत चारोळी. बाहेर टिंबी.

टिंबीने पातेल्याभोवती एक फेरी मारली. कुठेच वाट नव्हती. मग ती म्हणाली,

"पातेल्या, पातेल्या, ऊठ ना.
चारोळी मिळेना,
ठिपक्या जेवेना."

पातेलं घुमलं. ठणण, ठणण.

"रिकाम्या पोटी मी उठत नाही. राळे आले तर उठेन."

राळे म्हणजे मोहरीएवढे पिवळे दाणे. त्यांचा भात करतात. परडीत राळे बसले होते, अंगाला अंग लावून. टिंबी परडीकडे गेली. लुटूलुटू, लुटूलुटू.

"राळ्यांनो, राळ्यांनो, जा ना.
पातेलं उठेना,
चारोळी मिळेना,
ठिपक्या जेवेना."

राळे सगळे एकदम बोलले. सरसर, सरसर. त्यांच्यात कोंडा होता. कोंडा घेऊन गेलं तर भात घशाला टोचतो. मग घरातले म्हणतात, राळेच वाईट. असं ऐकून घ्यायला राळे तयार नव्हते.

"कोंड्यासकट आम्ही जात नाही. सुपाने पाखडलं तर जाऊ."

सूप खुंटीला टांगलेलं होतं. टिंबी भिंत चढली. लुटूलुटू, लुटूलुटू. सुपाच्या काठावर जाऊन बसली.

"सुपा, सुपा, पाखड ना.
राळे जाईनात,
पातेलं उठेना,
चारोळी मिळेना,
ठिपक्या जेवेना."

सूप हललं. फटक, फटक. टिंबी खाली पडता पडता राहिली. तिने एक काडी घट्ट धरली.

"आपलं आपण मी पाखडत नाही. काकूने हात लावला तर पाखडेन."

काकू कुठे होती? काकू उंबऱ्याशी बसली होती. अडकित्त्याने खारका कातरत होती. कट, कट. बांगड्या वाजत होत्या. किणकिण, किणकिण. शेजारी एका ताटलीत काजू होते, सोललेले शेंगदाणे होते. आज राळ्याचा भात करायचा होता. आमटी-भाकरीच्या ताटात, एका कडेला, डावभर वाढायचा.

टिंबी खुंटीवरून उतरली. लुटूलुटू, लुटूलुटू.

"काकू, काकू, हात लाव ना.
सूप पाखडेना,
राळे जाईनात,
पातेलं उठेना,
चारोळी मिळेना,
ठिपक्या जेवेना."

काकूने खाली बघितलं. टिंबी दिसायला वेळ लागला. दिसली तेव्हा काकू म्हणाली, "अगं बाई, तुझी घाई मला कळते. पण मनुका कोरड्या घातल्या की भात रुसतो. मनुका फुगल्याशिवाय मी सुपाला हात लावत नाही."

आणि पुन्हा खारका. कट, कट.

मनुका एका वाटीत होत्या. काळ्या, सुरकुतलेल्या, म्हाताऱ्या बायकांसारख्या दाटीने बसलेल्या. टिंबी वाटीच्या काठावर चढली. लुटूलुटू, लुटूलुटू.

"मनुकांनो, मनुकांनो, फुगा ना.
काकू हात लावेना,
सूप पाखडेना,
राळे जाईनात,
पातेलं उठेना,
चारोळी मिळेना,
ठिपक्या जेवेना."

मनुका म्हणाल्या, ये की आत. जरा चाटून बघ. गोड आहोत आम्ही. टिंबीने एक पाय आत टाकला. पाय चिकटला. गोड वास नाकात गेला. सकाळपासून टिंबीने काही खाल्लं नव्हतं.

पण ठिपक्यानेही खाल्लं नव्हतं.

टिंबीने पाय ओढून काढला. "नको," ती म्हणाली. "आधी तुम्ही फुगा."

मनुकांना ते आवडलं. पोरगी शहाणी आहे, असं त्या एकमेकींना म्हणाल्या. पण फुगणार कशा?

"कोरड्या कोरड्या आम्ही फुगत नाही. माठाने पाणी दिलं तर फुगू."

माठ कोपऱ्यात होता. गार, गोल, ढेरपोट्या. त्याच्यावर दगडाचं झाकण होतं, कारण परवा मांजराने लाकडी झाकण पाडलं होतं. माठाखाली ओल होती. टिंबी जपून गेली. लुटूलुटू... सर्रकन घसरली. उठली. पुन्हा लुटूलुटू.

"माठा, माठा, पाणी दे ना.
मनुका फुगेनात,
काकू हात लावेना,
सूप पाखडेना,
राळे जाईनात,
पातेलं उठेना,
चारोळी मिळेना,
ठिपक्या जेवेना."

माठ सावकाश बोलला. बुडुक, बुडुक.

"डोक्यावर दगड घेऊन मी पाणी देत नाही. आबा उठले तर देईन."

आबा म्हणजे काकूचे सासरे. ते ओसरीवर चटई टाकून बसायचे. बसल्या बसल्या चारोळ्या करायचे.

आता ही चारोळी दाण्याची नाही बरं का. ही वेगळी. चार ओळींचं इवलं गाणं, त्यालाही चारोळीच म्हणतात. आबांना तिचा भारी नाद. दूधवाला आला, त्याला चारोळी. टपालवाला आला, त्याला चारोळी. काकू आतून म्हणायची, "आबांच्या चारोळ्यांनी पोट भरलं असतं, तर मी चूल कशाला पेटवली असती?" आबा यावरही चारोळी करायचे.

पण हे टिंबीला काय माहीत? तिला एकच चारोळी ठाऊक होती. पातेल्याखालची.

टिंबी ओसरीवर गेली. लुटूलुटू, लुटूलुटू. चटईवर चढली. धोतरावर चढली. गुडघ्यावर जाऊन उभी राहिली.

"आबा, आबा, उठा ना.
माठ पाणी देईना,
मनुका फुगेनात,
काकू हात लावेना,
सूप पाखडेना,
राळे जाईनात,
पातेलं उठेना,
चारोळी मिळेना,
ठिपक्या जेवेना."

आबांना जरा कमी ऐकू यायचं. एवढ्या सगळ्यातला एकच शब्द त्यांच्या कानात शिरला. चारोळी. त्यांचे डोळे चमकले.

"चारोळी म्हणालीस?" आबा म्हणाले. "मग आधी तू एक दे. चारोळी मिळाल्याशिवाय मी उठत नाही."

टिंबी गुडघ्यावर मट्‌कन बसली.

चारोळी मिळाल्याशिवाय आबा उठणार नाहीत. आबा उठल्याशिवाय चारोळी मिळणार नाही. आता जायचं कुठे? आता कोणाला विचारायचं? पुढे कोणी उरलंच नव्हतं. टिंबीने दोन्ही मिशा खाली टाकल्या. तिला फटीतला ठिपक्या दिसायला लागला. त्याचे काडीसारखे पाय दिसायला लागले.

"चारोळी असती," टिंबी म्हणाली, "तर मी तुमच्याकडे आले असते का? ती तर पातेल्याखाली आहे."

आबांनी कानामागे हात धरला. "कशाखाली?"

"पातेल्याखाली."

आबांनी थोडा विचार केला. मग ते हसले. पोट हललं, गुडघा हलला, गुडघ्यावरची टिंबीही हलली.

"अगं वेडे, ती खायची. मी म्हणतो ती ऐकायची. चार ओळी, म्हणून चारोळी. चार ओळी येतात का तुला?"

टिंबीच्या मिशा वर झाल्या.

"ओळ? ओळ तर मला येते. आम्ही मुंग्या ओळीनेच चालतो."

आबांना वाटलं, ही गाणं म्हणणार. टिंबीला वाटलं, चालून दाखवायचं. आबांनी हात पुढे केला. टिंबी तळव्यावर उतरली. करंगळीच्या बाजूला जाऊन सरळ उभी राहिली.

आणि चालायला लागली. मनातलं तोंडात आलं, ते बोलत बोलत.

पहिली ओळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. लुटूलुटू, लुटूलुटू.

"दाणा माझा आत राहिला."

दुसरी ओळ, त्या टोकापासून या टोकापर्यंत. लुटूलुटू, लुटूलुटू.

"पातेल्याने झाकून घेतला."

आबांचा हात थरथरायला लागला. गुदगुल्या होत होत्या. पण त्यांनी हात मिटला नाही.

तिसरी ओळ, अगदी हळू. लुटू... लुटू...

"भाऊ माझा नाही जेवला."

आबांचं हसू थांबलं.

चौथी ओळ, भरभर भरभर, अंगठ्यापाशी, जिथे सगळ्यात जास्त गुदगुल्या होतात.

"उठा आबा, चला चला."

आणि आबा उठले.

दुसरं काय करणार? इतक्या वर्षांत त्यांना कोणी चारोळी दिली नव्हती. सगळ्यांनी नुसती घेतली होती. टिंबीला तळव्यावर घेऊन आबा घरात गेले.

आबांनी दगड उचलला. माठाने पाणी दिलं. बुडुक, बुडुक.
पाणी वाटीत गेलं. मनुका भिजल्या. एक फुगली, दोन फुगल्या, सगळ्या फुगल्या. टम्म.
मनुका फुगल्या, काकूने सुपाला हात लावला. किणकिण, किणकिण.
काकूने हात लावला, सूप पाखडायला लागलं. फटक, फटक. कोंडा उडाला भुर्रर्र.
सूप पाखडून झालं, राळे निघाले. धुऊन, निथळून, पिवळेधमक होऊन निघाले. सरसर, सरसर.
राळे आले, पातेलं उठलं. ठणण, ठणण.

आणि फडक्यावर, मधोमध, चारोळी.

टिंबी आबांच्या हातावरून खाली बघत होती. तिच्या सगळ्या पायांना एकदम पळावंसं वाटलं.

पण काकूला घाई झाली होती. चूल पेटली होती. तूप तापलं होतं. काजू तुपात तांबूस झाले, राळे परतून झाले, खारकांचे तुकडे पडले, दाणे पडले, मनुका पडल्या. चुटुर्र, चुटुर्र. हाताला काय, सवयच असते. काकूचा हात फडक्यावर गेला. बोटांना काहीतरी गोल लागलं.

"एक चारोळी सांडलेली दिसते," काकू पुटपुटली. आणि हात पातेल्याकडे निघाला.

टिंबी ओरडली. काकूला ऐकू गेलं नाही. बांगड्या वाजत होत्या, तूप चुटचुटत होतं. हात पातेल्यावर आला. चिमूट सुटणार, इतक्यात आबांनी काकूचं मनगट धरलं.

बांगड्या गप्प झाल्या.

"सूनबाई," आबा म्हणाले, "ती चारोळी तिची आहे."

"कोणाची?"

आबांनी तळवा पुढे केला. काकूने वाकून बघितलं. तळव्यावर एक टिंब थरथरत उभं होतं. काकूच्या लगेच ध्यानात आलं. अगं बाई, मघाशी ही आपल्याकडेच तर येऊन गेली. एवढं सगळं सांगून गेली. आणि आपण खारका कातरत बसलो.

काकू लाजली. तिने चारोळी परत फडक्यावर ठेवली. अलगद, अंड्यासारखी.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "पण आबा, तुम्हाला बरं ऐकू आलं. मी हाक मारते तेव्हा येत नाही ते."

"ती चार ओळींत सांगते," आबा म्हणाले. "तू चाळीस ओळींत सांगतेस."

काकूने पातेल्यात पाणी ओतलं, चिमूटभर मीठ टाकलं आणि वर झाकण ठेवलं. जरा जोरातच ठेवलं.

आबांनी टिंबीला फडक्यावर सोडलं. मग त्यांनी फडक्याची एक कड हळूच उचलली. फडक्याची घसरगुंडी झाली. चारोळी निघाली. गुडगुड, गुडगुड. मागून टिंबी. लुटूलुटू, लुटूलुटू. चुलीला वळसा घालून चारोळी थेट फटीत.

फटीत अंधार होता. ठिपक्या निजला होता.

"ठिपक्या," टिंबी म्हणाली.

ठिपक्याने एक डोळा उघडला. समोर केवढा तरी गोल दाणा होता. त्याने दुसरा डोळा उघडला.

"आणलीस?"

"आणली."

ठिपक्याने चारोळीला मिशी लावली. मग दात लावला. कुटुक. टिंबी बघत राहिली. पुन्हा कुटुक. मग कुटुक कुटुक, कुटुक कुटुक. ठिपक्या जेवायला लागला.

बाहेर भात शिजत होता. रटरट, रटरट. मग पाणी आटलं, काकूने निखारे ओढले, आणि भात झाकणाखाली मुरत राहिला. मनुकांचा वास आला. खारकांचा वास आला. तुपाचा आला. वास चुलीवरून निघाला, भिंतीवरून आला आणि फटीत शिरला.

ठिपक्याने मान वर केली.

"टिंबीताई, हा वास कसला गं?"

"राळ्यांचा. काकूने भात केला."

ठिपक्याने पुन्हा एकदा वास घेतला. मग म्हणाला, "मला पण."

टिंबीने बाजूला होऊन वाट करून दिली. ठिपक्या उठला. पाय लटपटले. एक पाय टाकला, दुसरा टाकला, तिसरा टाकला. मुंगीला पुष्कळ पाय असतात, सगळे नीट टाकायला वेळ लागतो.

फटीच्या तोंडाशी काकूने एक पान ठेवलं होतं. पानावर चिमूटभर भात. भातावर एक टम्म फुगलेली मनुका. घरातल्या ताटांत अजून काहीच वाढलं नव्हतं. पहिलं पान हेच.

ओसरीवरून आबांनी विचारलं, माझं ताट कधी. काकू म्हणाली, पाहुणे जेवतायत, थांबा जरा.

ठिपक्याने मनुका चाटली. टिंबीने एक राळा उचलला. तिच्याही पोटात सकाळपासून काही नव्हतं.

दोघं जेवली. पोटभर जेवली. मग पानाच्या सावलीला आडवी झाली, अंगाला अंग लावून, परडीतल्या राळ्यांसारखी.

गोष्ट शिजली, वाफ निवली,
ज्याने ऐकली त्याने चाखली.